एगलेस केक म्हणजे व्हीगन केक का? अंड्याला आणि दुधालाही पर्याय काय?

ठाण्यात गोखले रोडवर किंवा डोंबिवलीत फडके रोडवर चालत गेलात, तर केकची दुकानं मोजता मोजता कंटाळा येईल. त्यातल्या बऱ्याच दुकानांच्या पाटीवर नावाखाली एक ओळ असते, '१०० टक्के एगलेस'. अशा दुकानात "व्हीगन केक मिळेल का?" असं विचारलं, की हमखास उत्तर येतं, "हो, आमच्याकडे सगळं एगलेसच आहे." सांगणारा खोटं बोलत नसतो. पण त्या केकमध्ये दूध पावडर असते, लोणी असतं, कंडेन्स्ड मिल्क असतं, कधी दही असतं. व्हीगन माणूस यातलं काहीच खात नाही. आणि ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी हा गैरसमज थेट दवाखान्यात नेणारा ठरू शकतो.

अंड्याशिवाय केक करणं आपल्याकडे कुणालाच नवीन नाही. गंमत अशी, की आपण केकमधलं अंडं काढलं आणि त्याचं काम दुधावर सोपवून दिलं. अंडं आणि दूध दोन्ही काढायची वेळ आली, की मात्र मुळात अंडं केकमध्ये करत काय होतं, हे समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे एगलेस इतकं का रुजलं?

ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात गुजराती, कच्छी, मारवाडी आणि जैन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. दुकानात अंड्याचे केक होतात असं कळलं, तर यातले बरेच जण दुकानाची पायरी चढत नाहीत. मराठी घरांचं गणित थोडं वेगळं. एरवी अंडाकरी चालते, पण गटारी उरकली की श्रावणभर अंडं बंद. वाढदिवस नेमका श्रावणात आला की केक एगलेस. एरवीसुद्धा आजी खात नाही, शेजारच्यांना द्यायचाय, सोसायटीत वाटायचाय, अशी काही ना काही सबब असतेच. अंड्याचे आणि बिनअंड्याचे साचे, भांडी, सुऱ्या वेगळ्या सांभाळण्यापेक्षा सगळंच एगलेस करणं दुकानदारालाही सोपं पडतं.

घरोघरी हा केक पोचला तो कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यातून. ओव्हन नसलेल्या घरांत कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मिठाचा थर देऊन, त्यावर जाळी आणि जाळीवर केकचा डबा ठेवून पिढीच्या पिढी केक करायला शिकली. कंडेन्स्ड मिल्क एकाच वेळी साखर, स्निग्धांश आणि दुधातली प्रथिनं पुरवतं. त्यामुळे केक ओलसर राहतो, बांधला जातो, वरून छान तांबूस होतो. दह्याचा केक हा याचाच धाकटा भाऊ. दह्यातलं आम्ल खाण्याच्या सोड्याला भिडतं आणि केक फुगतो. दोन्ही युक्त्या चोख आहेत, फक्त दोन्हींचा पाया दूध आहे.

हिरवा ठिपका काय सांगतो, काय सांगत नाही

भारतात पाकिटावरचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका 'शाकाहारी' एवढंच सांगतो. या व्याख्येत दूध आणि मध बसतात, अंडं बसत नाही. अंडं असलेल्या पदार्थावर मांसाहाराची खूण येते. आधी ती तपकिरी ठिपक्याची होती, २०२०च्या लेबलविषयक नियमांनी तिचा तपकिरी त्रिकोण झाला. म्हणजे हिरवा ठिपका बघून 'यात अंडं नाही' हे खात्रीने कळतं, पण 'यात दूध नाही' हे अजिबात कळत नाही.

त्यासाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यांची खूण वेगळी आहे, हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर छोटं पान. ही खूण असलेल्या पदार्थात दूध, मध, अंडं तर नकोच, पण तो बनवताना वापरलेल्या रंग, स्वाद, एन्झाइम अशा साहाय्यक गोष्टीही प्राण्यांपासून आलेल्या नकोत. ही खूण पाकिटावरची. काउंटरवरच्या कापलेल्या पेस्ट्रीवर ती शोधून उपयोग नाही, तिथे विचारावंच लागतं.

मुळात 'व्हीगन' हा शब्दच फार जुना नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या साथीदारांनी तो रूढ केला, दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सांगायला. आपल्याकडे शाकाहारात दूध गृहीतच धरलेलं, त्यामुळे हा फरक सांगणारा रोजच्या वापरातला शब्द मराठीत तयार झाला नाही आणि सगळा घोळ तिथूनच होतो.

अंडं केकमध्ये करतं काय?

कवच काढल्यावर एका मध्यम अंड्याचं वजन साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यातलं तीन चतुर्थांश निव्वळ पाणी असतं. उरलेल्यात १२-१३ टक्के प्रथिनं आणि १० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. पण या एवढ्याशा ऐवजात चार-पाच कामं एकदम होतात.

पहिलं काम बांधणीचं. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात आणि पिठाला आतून आधार मिळतो. दुसरं काम हवा धरायचं. पांढरं फेटलं की प्रथिनांच्या जाळ्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि स्पंज केक बेकिंग पावडरशिवायही फुगतो. तिसरं, पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. मेयोनीज फुटत नाही ते यामुळे. शिवाय ओलावा, रंग आणि बिस्किटावर वरून दिसणारी चकाकी.

ही सगळी कामं एकटा पर्याय करू शकत नाही. इंटरनेटवरचे तक्ते इथेच फसवतात. 'एक अंडं बरोबर अर्धं केळं' असं वाचून कुणी तीन अंड्यांच्या स्पंज केकमध्ये दीड केळं घालतं आणि साच्यातून केळ्याचा शिरा बाहेर येतो. आधी विचारायचा प्रश्न असा, की या पदार्थात अंडं नेमकं कशासाठी आहे? कुकीत ते बांधायला असतं. मफिनमध्ये ओलाव्याला आणि थोडं फुगायला. मेरँगमध्ये फक्त हवा धरायला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

एक ठोकताळा उपयोगी पडतो. पाककृतीत एक किंवा दोन अंडी असतील तर बदल सहज जमतो. तीन किंवा जास्त असतील, तर त्या केकचा डोलाराच अंड्यांवर उभा असतो. तो पाडून पुन्हा उभारत बसण्यापेक्षा मुळात अंड्याशिवायचीच पाककृती घ्यावी.

सोडा आणि व्हिनेगर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा उपाय

अशी एक पाककृती जवळजवळ शंभर वर्षं टिकून आहे. पहिलं महायुद्ध आणि नंतरची आर्थिक मंदी या काळात अमेरिकेत अंडी, दूध, लोणी महाग झाली, मिळेनाशी झाली. तेव्हा तिथल्या बायकांनी तिन्ही वगळून चॉकलेट केक करायला सुरुवात केली. आज तो 'वॅकी केक' म्हणून ओळखला जातो. व्हीगन हा शब्द जन्मायच्या आधीचा हा व्हीगन केक.

प्रमाण साधं आहे. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप बिनसाखरेची कोको पावडर, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ हे चाळून एकत्र करायचं. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, एक तृतीयांश कप कुठलंही वास नसलेलं तेल, एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर आणि व्हॅनिला इसेन्स. ओलं कोरड्यात ओतायचं, गुठळ्या मोडतील इतपत हलवायचं आणि लगेच साच्यात घालून १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजायचं. कुकरमध्ये मध्यम आचेवर थोडा जास्त वेळ लागतो. सुरी खुपसून कोरडी बाहेर आली की झालं.

यातला 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. तो भट्टीत सुटला पाहिजे, ओट्यावर नाही. मिश्रण कालवून ठेवून मग कुकर तापवायला घेतला, तर केक बसलाच समजा. दुसरी चूक म्हणजे जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवणं. त्याने केक फुगत नाही, साबणासारखा लागतो. आणि तिसरी, खूप फेटणं. अंडं नसताना मैद्यातलं ग्लूटेन हाच काय तो आधार असतो, पण फेटून फेटून ते ताणलं की केक चिवट होतो.

दह्याचा केक ज्यांच्या हाताला बसलेला आहे, त्यांना आणखी सोपं. एक कप सोया दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवलं, की ते फाटल्यासारखं दाट होतं. ते ताकाच्या जागी चालतं. कंडेन्स्ड मिल्कऐवजी नारळाचं घट्ट दूध साखर घालून मंद आचेवर आटवायचं. वेळ लागतो, हात सोडता येत नाही, पण चव अशी येते की पुन्हा डब्याकडे वळावंसं वाटत नाही.

जवस, केळं, लाल भोपळा

कुकी, ब्राउनी, मफिन यांच्यात बांधणीसाठी जवस उत्तम. विदर्भ-मराठवाड्याकडच्या घरांत जवसाची चटणी असतेच, ठाण्या-डोंबिवलीत वाण्याकडे आणि जांभळी नाक्यावर जवस सुटे मिळतात. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी दहा मिनिटं ठेवलं, की तार धरणारा चिकट गोळा होतो. जवसाच्या सालीत असलेल्या चिकट द्रव्यामुळे हे होतं. हे एका अंड्याच्या जागी घालायचं. चटणीसाठी जवस भाजतो तसे इथे भाजू नयेत, भाजल्यावर त्यांची चव केकभर पसरते. पूड करून ठेवायची असेल तर फ्रिजमध्ये, कारण जवसाचं तेल आपल्या हवेत लवकर खवट होतं. चिया बियांचं कामही असंच चालतं, फक्त खिसा जास्त हलका होतो.

पिकलेलं केळं ओलावा आणि गोडवा देतं, पण स्वतःची चव लपवत नाही. लाल भोपळ्याचा शिजवलेला गर त्या मानाने मुकाट्याने काम करतो. ज्यांच्या घरी घारगे होतात त्यांना हे सांगायला नको. भोपळा आणि गूळ पीठ कसं धरून ठेवतात, ते घारग्याच्या कणकेत दिसतंच.

छोल्यांचं पाणी आणि फ्रेंच गायक

हवा धरणं हे अंड्याच्या पांढऱ्याचं सगळ्यात अवघड काम. त्याला पर्याय सापडला तो अगदी अलीकडे, आणि सापडला तो आपण रोज मोरीत ओतून देतो त्या पाण्यात. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल या गायकाच्या लक्षात आलं, की कडधान्यांच्या डब्यातलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट या सॉफ्टवेअर इंजिनिअरने फक्त हे पाणी आणि साखर वापरून मेरँग करून दाखवलं आणि त्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये पाणी आणि वालासारखी शेंग या दोन शब्दांची ही जोडी. दोघेही शास्त्रज्ञ नव्हते, हे या शोधाचं वैशिष्ट्य. कडधान्यं शिजताना त्यांतली काही प्रथिनं, स्टार्च आणि फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्यं पाण्यात उतरतात. छोले उकळताना कुकरच्या शिट्टीतून जो फेस उडतो, तो याच कुटुंबातला.

डबाबंद चणे आणायची गरज नाही. काबुली चणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं. नव्या पाण्यात, चणे जेमतेम बुडतील इतक्याच, मीठ-सोडा न घालता शिजवायचे आणि चणे त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. शक्य असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये. मग पाणी गाळून, अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईतो आटवायचं. हे तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं, दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचं पांढरं. लिंबाचे दोन थेंब घालून इलेक्ट्रिक बीटरने सहा ते दहा मिनिटं फेटलं, की भांडं उलटं केलं तरी पडणार नाही असा फेस होतो. हाताने फेटायच्या भानगडीत पडू नये. चणे अर्थातच छोल्यांना वापरायचे.

याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. अंड्याचा फेस उष्णतेने घट्ट होतो, चण्याच्या पाण्याचा होत नाही, तो फक्त वाळतो. त्यामुळे १०० अंशांच्या आसपास दीड-दोन तास वाळवलेले मेरँग छान होतात, मूस छान होतं, पण केवळ फेसावर उभा राहणारा शिफॉन केक भट्टीतून बाहेर येताच खाली बसतो. आणि ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात मेरँगचा नाद सोडलेलाच बरा. जून ते सप्टेंबर हवेत इतकी दमट असते, की सकाळी कुरकुरीत असलेलं मेरँग दुपारी बोटांना चिकटतं. करायचंच असेल तर गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

मराठी स्वयंपाकघरात हे आधीपासून होतं

उडुपी आणि मराठी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर 'टोमॅटो ऑम्लेट' नावाचा पदार्थ वर्षानुवर्षं आहे आणि त्यात अंडं नसतं. बेसनाचं पातळ पीठ, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, तव्यावर तेल. त्याला कुणी व्हीगन म्हटलं नाही, एगलेसही म्हटलं नाही, सरळ ऑम्लेट म्हटलं. बेसनातली प्रथिनं तव्यावर आळतात, म्हणून हे जमतं. काळं मीठ वरून भुरभुरलं तर वासही अंड्याचा येतो, कारण दोन्हींत गंधकाची संयुगं असतात. फक्त काळं मीठ शेवटी घालायचं, शिजवताना घातलं तर वास उडून जातो.

मुगाचं धिरडं हा यातला दुसरा प्रकार. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने मुगातली प्रथिनं वेगळी काढून 'जस्ट एग' नावाचं ओतता येणारं अंडं बाजारात आणलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. भिजवलेले मूग वाटून तव्यावर पसरवणाऱ्या डोंबिवलीकराला त्यातली निम्मी कल्पना ओळखीची वाटेल. उरलेली निम्मी म्हणजे प्रथिनं वेगळी काढणं. त्यामुळे ते अंड्यासारखं मऊ, थरथरतं होतं आणि आपलं धिरडं धिरड्यासारखं.

स्टेशनबाहेर रात्री गाडीवर मिळते तशी भुर्जी हवी असेल, तर सोया पनीर, म्हणजे टोफू, हाताने कुस्करून हळद-कांदा-मिरचीवर परतायचं. काही जण कोरड्या झुणक्यालाच व्हीगन भुर्जी म्हणतात. झुणक्याचा तो थोडा अपमान आहे, पण पावाबरोबर दोन्ही सारखेच उतरतात.

केकच हवा असेल, तर कोकणाकडे बघावं. कल्याण-डोंबिवलीत कोकणातून आलेली घरं भरपूर आहेत आणि भाद्रपदात मोठ्या तवशांच्या दिवसांत त्यांच्याकडे धोंडस किंवा तवसाळी होते. किसलेली काकडी, तांदळाचा रवा किंवा कण्या, गूळ, ओलं खोबरं, वेलची. पूर्वी खाली निखारे, वर झाकणावर निखारे ठेवून ती भाजत. म्हणजे ओव्हनच. काकडीचं पाणी ओलावा देतं, गूळ बांधतो, तांदूळ आळतो. काही घरी रवा तुपावर भाजतात, तिथे खोबरेल तेल किंवा साधं तेल वापरलं की अंडं, दूध, मैदा, सोडा यांपैकी काहीच नसलेला केक तयार. फणसाच्या रसाची सांदणंही याच जातीची, ती वाफवायची.

आणि कस्टर्ड पावडर? लग्नाच्या पंगतीत फ्रूट कस्टर्ड खाल्लेल्या कित्येकांना कल्पना नसते, की खरं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं असतं. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने कॉर्नफ्लॉवरची कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नसे. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून काही वर्षांनी त्याने बेकिंग पावडरही तयार केली. पुढे पुण्याच्या वीकफील्डसारख्या कंपन्यांनी ही पावडर आपल्या घराघरांत नेली. पावडर दुधाऐवजी नारळाच्या किंवा सोया दुधात शिजवली, तर तेही व्हीगन होतं. डब्यावरची घटकांची यादी मात्र एकदा वाचून घ्यावी.

क्रीममध्ये लपलेलं दूध

केकचा स्पंज व्हीगन झाला तरी वरच्या क्रीमवर अडतं. बेकऱ्यांमध्ये वापरलं जाणारं व्हिपिंग क्रीम बहुधा पाम कर्नल तेलाचं असतं आणि त्याच्या खोक्यावर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असतं. ते वाचून बेकर निःशंक होतो. पण अशा काही क्रीममध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्रास होतो तो दुधातल्या अशा प्रथिनांचाच. घटकांच्या यादीत 'केसिनेट', 'व्हे', 'मिल्क सॉलिड्स' यांपैकी एक जरी शब्द दिसला, तरी ते क्रीम बाद. २०२०च्या नियमांनुसार दूध, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, सुकामेव्यातल्या बिया, ग्लूटेन असलेली धान्यं अशा ॲलर्जीकारक घटकांची वेगळी सूचना पाकिटावर द्यावी लागते. तीच ओळ सगळ्यात आधी वाचावी.

घरी नारळाच्या दुधाची गार करून वर आलेली साय फेटली तर सुंदर क्रीम होतं. प्रश्न हवामानाचा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. ठाण्यात बाटलीतलं खोबरेल थिजलेलं दिसतं ते थंडीतल्या मोजक्या सकाळी. त्यामुळे नारळाच्या क्रीमचा केक मे महिन्यात डोंबिवलीहून घोडबंदरला रिक्षा-लोकलने न्यायचा विचार करू नये, पोचेपर्यंत त्याची खीर झालेली असेल. उन्हाळ्यात कोको, पिठीसाखर आणि थोडं तेल-पाणी घालून केलेलं चॉकलेटचं दाट आवरण जास्त टिकतं.

मेयोनीजचीही हीच कथा. सँडविचवाल्याकडचं 'व्हेज मेयो' अंड्याविना असतं, पण अशा बऱ्याच बाटल्यांमध्ये दुधाची भुकटी असते. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजने विषबाधा होते म्हणून तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली. घरी मेयो करायला एक भाग सोया दूध, दोन भाग तेल, लिंबू, मोहरीची पूड, मीठ उंच भांड्यात घालून हँड ब्लेंडर तळाशी ठेवून चालू करायचा आणि हळूहळू वर आणायचा. सोयामध्येही लेसिथिन असतं, त्यामुळे ते फुटत नाही. बदामाच्या दुधाने हे सहसा जमत नाही.

पोषणाचं काय?

आठ तुकड्यांच्या केकमधली दोन अंडी काढल्याने कुणाच्या आहारात फार फरक पडत नाही. रोज सकाळी खाल्लं जाणारं उकडलेलं अंडं बंद केलं, तर मात्र पडतो. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. ती मूग, सोया, चणे यांतून भरून काढता येतात. जवसाच्या चमच्यातून किंवा अर्ध्या केळ्यातून नाही. बी-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळतच नाही. अंडं आणि दूध दोन्ही सोडणाऱ्यांनी, विशेषतः वाढत्या मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या बाबतीत, बी-१२च्या गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यायला हवं.

केकची ऑर्डर देताना

'व्हीगन आहे का?' हा प्रश्न विचारून उपयोग होत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. त्याऐवजी थेट विचारावं: दूध, दही, लोणी, दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क यांपैकी काय आहे? प्रीमिक्स वापरता का, आणि त्याच्या पिशवीचा फोटो पाठवाल का? क्रीम कुठलं? घरून केक करून विकणाऱ्या बायका ठाणे-डोंबिवलीत खूप आहेत आणि त्या बहुधा हे सगळं नीट सांगतात, कारण पीठ त्यांनी स्वतः मोजलेलं असतं. त्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, तो क्रमांक मागायला संकोच नको.

कारण तत्त्वाचं असेल तर एवढ्यावर भागतं. कारण ॲलर्जीचं असेल तर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: साचा, बीटर, क्रीमची पिशवी आणि कापायची सुरी आधीच्या दुधाच्या केकला लागलेली नको. व्हीगन केकमध्ये दुधाच्या जागी बहुधा सोया, काजू किंवा बदाम येतात आणि त्यांचीही ॲलर्जी असणारी मुलं असतात. वाढदिवसाला येणाऱ्या मुलांच्या आयांना व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी घटकांची यादी टाकली, तर ऐन केक कापताना कुणाची धावपळ होत नाही.